पाण्याखालची घंटी

वैशाख निम्मा सरला की दादाचा फोन येतो. दादा माझा थोरला भाऊ. एरवी तो आपणहून फोन करणाऱ्यातला नाही. दिवाळीला मी करायचा आणि त्यानं पलीकडून "हं, हं" करत ऐकायचं, असंच आमचं चालतं. पण वैशाखातला फोन त्याचा, आणि प्रश्नही त्याचाच, वर्षानुवर्षं तोच. "शके, पाणी कुठवर उतरलं?"

पाणी म्हणजे धरणाचं. वेल्ह्याच्या पुढं, पासलीच्या अलीकडं नदीच्या वळणावर आमची वाडी होती. ती धरणात गेली. दादा आता पुनर्वसनाच्या गावात राहतो, लांब उघड्या माळावर, तिथून आमचे डोंगर दिसायचे तर आभाळ अगदी निवळलेलं असावं लागतं. मी लग्न होऊन शिवऱ्यात आले ती इथलीच झाले. हायवेच्या कडेला आमची रसवंती आहे. आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, टेम्पो आहे आणि त्यांच्या वेल्ह्याकडं खेपा असतात, म्हणून पाण्याची खबर पहिली माझ्याकडं येते. मालक संध्याकाळी टेम्पो लावून हातपाय धुता धुता म्हणतात, "आज देवळाच्या पायऱ्या उघड्या पडल्या," किंवा "चिंचेचा बुंधा दिसतोय बग." ते मी दादाला कळवते. वाडी अशी दर उन्हाळ्यात वरून खाली थोडी थोडी उघडी पडते आणि आषाढात खालून वर बुडत जाते.

दादाला आता ऐकू कमी येतं. डाव्या कानानं तर गेलंच, उजव्यानं मोठ्यानं बोललं तर थोडंफार. कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते त्यानं डबीत घालून फळीवर ठेवलंय. म्हणतो, त्यात नुसता वारा ऐकू येतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उरलंय तेही जाणार, आज ना उद्या. त्यामुळं फोनवर मी ओरडते. "दादा, कातळाचं डोस्कं दिसाय लागलं." रस प्यायला थांबलेली गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून बघत राहतात. त्यांना वाटत असेल, बाईच्या घरात भांडण लागलंय.

यंदा कातळाचं नुसतं डोकं नाही, खांदेही दिसले. इतकं पाणी क्वचित उतरतं. त्या कातळाच्या उजव्या हाताला आमचं खळं होतं, आणि खळ्यात आमची घंटी आहे.

त्यात यंदा ते समुद्रवाले साहेब आले. नाव त्यांचं मी कधी विचारलं नाही. पुण्याचे, नोकरीतून मोकळे झालेले, उन्हानं रापलेले. महिन्या-दोन महिन्यांनी भोरवरून वरंध घाटानं कोकणात उतरतात आणि जाताना आमच्याकडं बिनबर्फाचा रस घेतात. गाडीत मागच्या सीटवर एक लांब दांडा दिसायचा. मला वाटायचं गळ असेल, माणूस मासे धरायला जात असेल. यंदा विचारलंच. त्यांनी तो बाहेर काढून दाखवला. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती, वर डबी, डबीला वायर आणि वायरीला कानाला लावायचे हेडफोन. धातू शोधायचं मशीन, आणि तेही पाण्यात बुडवून चालणारं. साहेब कमरेएवढ्या समुद्रात उभे राहतात, चकती वाळूवरून फिरवत चालतात, आणि खाली काही असलं की कानात वाजतं. मग जाळीचं लांब दांड्याचं खोरं घालून वाळू उपसायची. पाणी जाळीतून गळून जातं आणि असेल ते खोऱ्यात राहतं.

"काय सापडतं?" मी विचारलं.

"अंगठ्या फार. थंड पाण्यात बोटं बारीक होतात ना, पोहताना निसटतात." त्यांनी पाकिटातून एक लहान बाळाचा वाळा काढून माझ्या हातावर ठेवला. "याची आई सापडली तर द्यायचाय. अजून सापडली नाही."

वाळा काळा पडला होता, पण आतली बाजू पांढरी होती. मी तो परत दिला आणि चरकात ऊस सारला. आमच्या चरकाला घुंगरं बांधली आहेत, सगळ्याच रसवंत्यांना असतात, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून. दिवसभर ती माझ्या कानाशी वाजतात आणि दिवसभर मला ती ऐकू येत नाहीत. त्या दिवशी मात्र मी बटण बंद केलं. घुंगरं थांबली.

"साहेब, पितळ सापडतं का यात?"

"सापडतं की."

"धरणाच्या पाण्यात, गाळाखाली?"

"किती खाली आहे त्यावर आहे. वीतभर, फार तर हातभर. का हो ताई?"

का ते मी सांगितलं नाही. पण त्यांनीच पुढं सांगितलं की ते नवीन मशीन घेणार आहेत आणि हे जुनं कुणाला तरी द्यायचंय. कमी किमतीत. अलिबागचा एकजण मागतोय, पण माझ्या मनात असेल तर पाऊस लागायच्या आत सांगायचं, म्हणून नंबर लिहून दिला. गाडी गेली, आणि माझ्या जिवाला घोर लागला.

आता ती घंटी काय होती ते सांगते.

आमच्या वाडीत भात निघालं की खळं करायचे. कातळाजवळची जागा खरवडायची, पाणी मारायचं, धुमसानं चोपायची, शेणानं सारवायची. ते सारवण सुकत आलं की त्याला जो वास यायचा तो मला आजही कधी कधी येतो, कशाचाही संबंध नसताना, कपडे वाळत घालताना वगैरे. मग खळ्याच्या मधोमध तिवडा रोवायचा, म्हणजे ऐनाच्या लाकडाचा खांब, त्याच्याभोवती बैल फिरतात. पण तिवडा रोवायच्या आधी त्या खड्ड्यात घंटी पुरायची. पुढच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. आप्पा, म्हणजे आमचे वडील, ती सोडायचे, आतल्या लोलकाला चिंधी गुंडाळायचे म्हणजे तो वाजायचा नाही, हळदकुंकू लावून कोऱ्या फडक्यात बांधायचे आणि खड्ड्यात ठेवायचे. कारण असं की खळ्यात धान्य झोपलेलं असतं. घंटी वाजली तर ते जागं होतं आणि रास आटते. खळ्यात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, चपला घालून यायचं नाही, आणि मापताना पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. मग पोती घरात गेली, शेवटचं पोतं उंबऱ्याच्या आत टेकलं, की आप्पा खळ्यावर परत जायचे, तिवडा उपटायचे आणि घंटी काढायचे. ज्यानं पुरली त्यानंच काढायची, आणि रास घरी पोचल्यावरच काढायची. त्यात कधी मागंपुढं व्हायचं नाही.

ते दिवस कसे मुके असायचे, सांगून पटायचं नाही. गवत पिवळं झालेलं, नदी बारीक झालेली, सकाळी पेंढ्यावर दव, दुपारी भाताचा कोंडा उन्हात तरंगतोय आणि सगळ्यांच्या अंगाला खाज. बैलांच्या खुरांचा मऊ आवाज तेवढा. मी आणि दादा कातळावर बसून वाट बघायचो. आमची आई लवकर गेली, त्यामुळं आमचं बालपण आप्पांच्या मागंमागं गेलं. वाट कसली, तर घंटीची. घंटी वाजली की वर्ष संपलं, नव्या भाताचा पहिला भात शिजला, आणि वेल्ह्याच्या बाजारात मला बांगड्या आणि दादाला टोपी. पण खरं सांगायचं तर बांगड्यांसाठी मी वाट बघत नव्हते. मला तो आवाजच पाहिजे असायचा.

कारण बाकीचं सगळं वर्ष तो आवाज म्हणजे आप्पा. आमच्या तिकडं पावसाळ्यात धुकं असं उतरतं की हात पुढं केला तर बोटं दिसत नाहीत. चिखलणीच्या दिवसांत आप्पा पहाटेच औत घेऊन गेलेले असायचे. मी न्याहारी घेऊन बांधावर उभी राहायची, पुढं नुसतं पांढरं. हाक मारली तर हाक त्या धुक्यातच जिरायची. पण घंटी ऐकू यायची. खालच्या खाचरात आहेत, वळले, आता वर येतायत, आता थांबले, हे सगळं मला घंटीवरून कळायचं. मग त्या पांढऱ्यातून आधी बैलांची शिंगं आणि मग आप्पा. त्यांच्या डोक्यावर इरलं आणि मिशीवर पाणी. आजही कुणाची वाट बघताना मी डोळ्यांनी बघतच नाही, कान देते. मालक चिडवतात, "टेम्पो आल्याला दिसत न्हाई का, व्हय गं?" दिसतो. पण ऐकू आल्याशिवाय मला आल्यासारखं वाटत नाही.

शेवटच्या मळणीला मी माहेरी गेले होते. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती शेवटची, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पुढच्या पावसाळ्यात पाणी अडवणार होते. वाडीतली निम्मी घरं उतरवून झाली होती, कौलं रचून ठेवलेली, चौकटी काढलेल्या. दार नसलेल्या घरातून पलीकडचा डोंगर दिसायचा. आमच्या घराचं छप्परही उतरलं होतं, पण आप्पांनी मळणी नेहमीसारखी केली. खळं सारवलं, घंटी पुरली, तिवडा रोवला. तांब्या आणि मोऱ्या, आमची बैलं, फिरली. मापताना आप्पा "लाभ" म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता. मला तेच सहन झालं नाही. मी पेंढ्यात तोंड खुपसून रडले आणि मग कोंडा डोळ्यात गेला म्हणून सांगितलं.

पोती खळ्यावरूनच टेम्पोत चढली. घरात नेणार कुठं, घर नव्हतंच. ती गेली नव्या जागेवरच्या पत्र्याच्या शेडीत. बैलंही खळ्यावरूनच विकली, माळावर त्यांना चारा कुठला. भोरकडचा एक माणूस येऊन घेऊन गेला. गळा मोकळा तसेच गेले दोघं, बिनआवाजाचे, आणि वळणापलीकडं गेल्यावर ते कुठवर पोचले ते मला काही कळेना. तोवर असं कधी झालं नव्हतं.

मी म्हटलं, "आप्पा, घंटी?"

"काडू," आप्पा म्हणाले.

आणि काढली नाही. दुसऱ्या दिवशी सामान हलवलं, देव हलवले, जातं हलवलं. तिवडा कुणीतरी सरपणाला उपटून नेला. घंटी बांधायला गळाच नव्हता, म्हणून ती कुणाच्या ध्यानात आली नाही, असं आम्ही धरून चाललो. पाणी चढल्यावर आठवलं. दादा म्हणाला, त्याला वाटलं आप्पांनी काढली. मला वाटलं दादानं काढायला लावली असेल. आप्पा काहीच म्हणाले नाहीत. पत्र्याच्या शेडीत, पुढं बांधलेल्या खोलीत, ते वैशाख आला की तेवढं विचारायचे, "पाणी कुठवर उतरलं?" ते गेले, आणि तो प्रश्न दादाकडं आला. म्हातारपणी त्याचा आवाजही तसाच झालाय.

साहेब गेल्यापासून मी मालकांच्या मागं लागले. मालक माणूस थट्टेखोर. म्हणाले, "घे की. वेल्ह्याच्या गडाच्या पायथ्याला ती काठी घेऊन फिरलीस की सगळा तालुका गोळा व्हतोय का न्हाई बग. म्हणतील, शिवऱ्याची रसवाली गुप्तधन काडाय आली. पोलीसपाटील बी यील, आन् भगत बी यील."

"मी गडावर कशाला जातीया. गडाजवळ तसं करायला कायद्यानंच बंदी हाय, साहेबांनी सांगितलं. मी आमच्या खळ्यात जाणार."

"तुमचं खळं सरकारजमा झालं, बाई."

थट्टा संपल्यावर मात्र ते चिपाडं गोळा करत राहिले. मग म्हणाले, "घ्यायचं तर घे. पन तुला घावलं न्हाई तर काय करशील, ते आधी ठरव."

हे त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. तेच मला ठरवता येईना. आजवर घंटी तिथं आहे. पाणी असो, गाळ असो, तिथं ती आहे, हे मी उशाला घेऊन झोपते. मशीन घेऊन गेले आणि ते वाजलंच नाही, तर ती तिथंही नाही. मग कुठल्या वैशाखात कशाची वाट बघायची? मी रसवंतीत बसून हाच विचार करायची आणि गिऱ्हाइकाला लिंबू पिळायचं विसरायची. आणि घावली तर? हिरवी झालेली, मातीनं बुजलेली एक घंटी हातात येईल. ती मी कुठं बांधू, चरकाला? पण मग दादा आठवायचा. त्याच्या उजव्या कानात थोडं उरलंय ते असेपर्यंत तो आवाज त्याला एकदा ऐकवायचा, मला बाकी काही नको होतं. दादाही त्याच बांधावर माझ्याबरोबर उभा असायचा. तो आवाज ओळखणारी आता आम्ही दोघंच आहोत, आणि त्यातल्या एकाचे कान चाललेत. पाणी इतकं पुन्हा कधी उतरेल, आणि तोवर काय होईल, कुणी सांगावं.

दादाला फोन केला. मशीनचं सांगितलं, ओरडून ओरडून. त्याचं नेहमीचं "हं, हं" चाललं होतं. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"रास घरी पोचल्याबिगर घंटी काडत्यात का, शके?" तो म्हणाला.

"दादा, रास कवाच गेली. खाल्ली बी आपण."

"घरी कुठं गेली? शेडीत गेली." मग म्हणाला, "आप्पा इसरणारा मानूस न्हवता."

मी ऊस सोलायचा कोयता हातात घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं आम्ही आप्पांना विसरभोळे ठरवत होतो. गावच्या गाव उठलं म्हणून गोंधळात राहून गेली, असं सगळ्यांना सांगत होतो. आणि आप्पा "काडू" म्हणाले ते खरंच म्हणाले होते. काढणार होते. रास घरी पोचली की.

"मग नगो म्हणू साहेबांना?"

"म्या कुठं नगो म्हणलो?" दादा म्हणाला. "हाय का न्हाई, तेवढं तरी बघू."

साहेबांना मी फोन करून सांगितलं की घ्यायच्या आधी एकदा वापरून बघायचंय, आणि कुठं तेही सांगितलं. ते एका शब्दावर आले. मालकांनी टेम्पो काढला, पहाटेच जाऊन दादाला घेऊन आले. नसरापूर, विंझर, वेल्हे. दादा पुढच्या सीटवर खिडकीला लागून. विंझरच्या पुढं डोंगर जवळ आले तसा तो सावरून बसला, एस्टी लागते तसा त्याचा चेहरा झाला होता. मी मधे बसले होते. मी त्याचा हात धरला, त्यानं धरू दिला.

धरणाच्या काठाला गाळाच्या भेगा पडलेल्या. भेगांतून चालत आम्ही खाली उतरलो. देवळाच्या पायऱ्या, देव नसलेल्या. आमच्या घराचं जोतं, दोन दगड शिल्लक. दादा कुठंच थांबला नाही, सरळ कातळाकडं गेला. कातळाला हात लावला आणि उजवीकडं पाण्यात बघत उभा राहिला. पाणी मातकट, गुडघ्याच्या वर, पुढं कमरेएवढं. आम्ही चौघं आत गेलो. मी साडी खोचली. मालकांनी दादाचा दंड धरला होता, तो दादानं दोनदा झटकला.

साहेबांनी हेडफोन घातले, मशीन चालू केलं आणि ते लगेच वाजलं, डबीतूनही ऐकू येण्याइतकं. मला धडकीच भरली. खोरं घातलं तर बाटलीचं झाकण. पुन्हा वाजलं, पुन्हा झाकण. मग डब्याची फाटकी कड, तंबूचा खिळा, पुन्हा झाकण. शनिवार-रविवारी काठावर तंबू ठोकून राहणारी मंडळी असतात हल्ली, रात्रभर गाणी लावतात, त्यांचं सगळं पाण्याबरोबर खाली आलं होतं. आमच्या खळ्यात, जिथं चपला घालून यायची बंदी होती. साहेब प्रत्येक झाकण खिशात टाकत होते. मी म्हटलं, "राहू द्या साहेब." ते म्हणाले, "नाही ताई, समुद्रातपण मी असंच करतो." मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली.

"जरा पुढं," दादा म्हणाला. तो कातळाकडं पाठ करून उभा होता आणि मळणीला बैलं बघत उभा राहायचा तसा हात मागं बांधून अंदाज घेत होता. "तिवडा हितं. न्हाई, थोडा अलीकडं. हां."

चकती तिथं गेली आणि आवाज आला. आधीच्यासारखा टणकन वाजणारा नाही. खोल, लांबट, चकती मागं नेली की तिथंच पुन्हा. साहेबांनी आडवी फिरवली, उभी फिरवली, तिथंच. ते डबीवरच्या आकड्याकडं बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"बरंच खाली आहे," ते मला हळूच म्हणाले. "आकडा टिकत नाही. पितळ असू शकेल. एखादा डबाही असू शकेल. उपसल्याशिवाय सांगता येणार नाही."

दादाला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तो आमच्या दोघांच्या ओठांकडं बघत होता. मी साहेबांच्या डोक्यावरचे हेडफोन काढले आणि दादाच्या टोपीवरून त्याच्या कानांना लावले. उजवा नीट बसवला आणि वरून हातानं दाबून धरला. साहेबांनी आवाज पुरता वाढवला. चकती गाळावरून हळूहळू गेली.

दादाचं तोंड उघडं राहिलं. मग त्यानं माझा हात बाजूला केला आणि स्वतःच्या हातानं तो कान दाबून धरला, डोळे मिटून. साहेब चकती पुढं न्यायचे, मागं आणायचे. पुढं, मागं. आम्ही बाकीचे पाण्यात उभे होतो आणि डोंगरावरून वारा येत होता, बस.

"वाजतंय," दादा म्हणाला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, फार मोठ्यानं. "मशीनच वाजतंय, त्ये कळतंय मला, म्या काय येडा न्हाई. पन घंटीवरच वाजतंय न्हवं, शके?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मालकांनी दुसरीकडं.

"व्हय, दादा," मी ओरडले. "घंटीच हाय."

"हितंच हाय," तो म्हणाला.

साहेबांनी खोरं पुढं केलं. "काढू का? थोडं उपसलं की कळेलच."

मला कळून घ्यायचं होतं. खोटं कशाला सांगू, माझे हात शिवशिवत होते. ते खोरं हिसकावून मी स्वतः गाळ उपसला असता, घंटी असती तर छातीशी धरली असती आणि डबा असता तर तिथंच पाण्यात बसले असते. पण दादानं खोऱ्याच्या दांड्यावर हात ठेवला होता. जोरानं नाही. आप्पा आमच्या डोक्यावर ठेवायचे तसा.

"राहू द्या," तो म्हणाला. "रास घरी पोचली न्हाई अजून."

आम्ही बाहेर आलो. कातळावर बसून पाय वाळवले. मालकांनी टेम्पोतून रसाचा कॅन आणला, सगळ्यांनी घेतला, दादानं दोन ग्लास. हेडफोन काढायचे तो विसरला होता. कानावरून घसरून ते त्याच्या गळ्यात आले होते आणि तुटू नये म्हणून साहेबांनी वायर डबीतून काढून त्याच्या खांद्यावर टाकली होती. तसाच तो चढण चढला, तसाच टेम्पोत जाऊन बसला.

"शके," त्यानं खिडकीतून हाक मारली. "पुढल्या वैशाखात बी येऊ. जरा लवकर येऊ."

"येऊ, दादा."

"आँ?"

"येऊ म्हणते."

साहेब मशीनची चकती फडक्यानं पुसत गाडीजवळ उभे होते. त्यांनी दांडा आखडून घेतला, खोऱ्यातला गाळ आपटून पाडला आणि दोन्ही वस्तू माझ्यापुढं धरल्या. "मग ताई, काय ठरलं तुमचं? घेताय?"

"घेते," मी म्हटलं. "पण ते खोरं तेवढं तुमच्याकडंच ठेवा."